प्रकल्प नोंदी: उत्तर फ्रान्सची 'आंब्रे' आणि पुण्यातला एक टँक

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार, लील

पुण्याहून मित्राचा फोन, तोही शनिवारच्या ऐन गिऱ्हाइकीच्या वेळेला. म्हणजे काम गंभीर. त्याच्या ब्रूपबमध्ये (जिथे बीअर तिथेच करून विकतात) गव्हाची बीअर, आयपीए आणि स्टाउट नीट खपतात. मधल्या रंगाचं, मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या-भाजलेल्या धान्याच्या) जोरावर उभं राहणारं काहीच नाही. "अरे, फ्रेंच अंबर एल घालू म्हणतोय. तू तिथेच बसलायस तर पिऊन बघ आणि लिहून कळव. 'मस्त आहे' असलं नको, आकडे दे. आणि टँक किती दिवस अडकेल ते आधी सांग."

शेवटचं वाक्य खरं. ब्रूपबचं गणित टँकच्या फेऱ्यांवर चालतं. गव्हाची बीअर दोन-तीन आठवड्यांत नळाला लागते आणि टँक पुन्हा मोकळा. ज्या बीअरला दोन महिने थंडीत ठेवायचं, ती दुसऱ्या दोन-तीन बीअरची जागा खाते. तेव्हा नुसती चव लिहून भागणार नाही. चवीतला कोणता भाग त्या वेळेमुळे येतो, हेही शोधावं लागेल.

२ फेब्रुवारी, रविवार

वाझेमच्या बाजारातून भाजी, मग बीअरच्या दुकानातून खरेदी.

मुख्य नमुना: झाँलँ आंब्रे ('आंब्रे' म्हणजे तांबूस), अल्कोहोल ७.५ टक्के. व्हालाँसिएनजवळच्या झाँलँ गावात ड्युइक कुटुंबाचा कारखाना १९२२पासून आहे. १९५०च्या दशकात त्यांनी ही बीअर वापरलेल्या शॅम्पेनच्या बाटल्यांत भरायला सुरुवात केली आणि १९७०च्या दशकात लीलच्या विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली. आज फ्रान्समध्ये दोन हजारांवर छोटे-मोठे बीअर कारखाने आहेत. त्यातले बहुतेक गेल्या दहा-पंधरा वर्षांतले, त्यामुळे 'क्राफ्ट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतात. मला मात्र मूळ नमुना हवा होता, त्याची आठवण काढून केलेला नको.

तुलनेला दोन. एक श्तीची आंब्रे, लाँसजवळच्या बेनिफाँतेनमधल्या कास्तलँ कारखान्याची. दुसरी फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातली कोरेफ आंब्रे. कोरेफ १९८५मध्ये मोर्लेला सुरू झाली, २००५मध्ये कारेला गेली. तिची घडण इंग्लिश एलसारखी: कमी अल्कोहोल आणि लांबलचक साठवण नाही. झाँलँ आणि कोरेफ दोघी तांबूस, दोघींवर 'आंब्रे' लिहिलेलं, आणि टँकचा हिशोब पूर्ण वेगळा. मला हवी होती ती हीच जोडी. कॉर्सिकाची पिएत्रा घ्यायचा मोह झाला होता, पण तिच्यात चेस्टनटचं पीठ असतं. तो वेगळाच विषय आहे.

झाँलँच्या सगळ्या बाटल्या एकाच तारखेच्या घेतल्या. एक मुद्दाम रेडिएटरशेजारी, खोक्यात ठेवली. तिचं काम मार्चमध्ये.

५ फेब्रुवारी, बुधवार

ही बीअर इथली कशी, याची थोडी नोंद मित्रासाठी. मेन्यूवर दोन ओळी लिहायला त्याला लागतीलच.

या पट्ट्यात शेतावरच बीअर व्हायची. उन्हाळ्यात यीस्टवर ताबा राहत नसे, रानटी जंतू घुसत आणि माल आंबे. म्हणून हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी उकळायची, तळघरात ठेवायची आणि उन्हाळ्यात काढायची. बिएर द गार्द म्हणतात ती हीच, ठेवणीतली बीअर. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने इथल्या कारखान्यांची तांब्याची भांडी काढून नेली. पुष्कळ कारखाने त्यातून पुन्हा उभेच राहिले नाहीत. ड्युइकांचा कारखाना सुरू झाला तो या पडझडीनंतर चार वर्षांनी.

आणखी एक. लुई पाश्चर १८५४मध्ये लीलच्या विज्ञान शाखेचा प्रमुख होऊन आला आणि किण्वनाच्या अभ्यासाला लागला तो इथेच, बीटापासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखानदाराची अडचण सोडवताना. बीअरवरचा त्याचा ग्रंथ १८७६चा. उन्हाळ्यात बीअर का बिघडते, याचं उत्तर ज्या माणसाने दिलं तो काही वर्षं याच गावात राहिला होता. हे मेन्यूवर नको, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नाकांची तालीम. चाखणारे सहा: मी, बायको, कामावरचे दोघे, शेजारचे निवृत्त काका (फ्रेंच, मितभाषी, बीअरविषयी मात्र अजिबात नाही) आणि इथे पीएचडी करणारी नागपूरची एक मुलगी.

आधी दोष ओळखता आले पाहिजेत, नाहीतर गुणांना अर्थ नाही. हिरव्या बाटलीतली स्वस्त लागर खिडकीत ठेवली. हॉप्समधल्या (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू द्रव्यांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी जवळजवळ नाही. पुण्यात दहा-पंधरा मिनिटांत काम झालं असतं. लीलमध्ये फेब्रुवारीत ऊन मिळवणं हाच पराक्रम. सकाळी तास-दीड तास मिळालं आणि पुरलं. झाकण काढताच बायकोने खिडकी उघडली.

लोण्याच्या वासासाठी बेकरीचा लोणी-अर्क दोन थेंब. कोरेफच्या एका बाटलीचं झाकण काढून, हवा खेळवून पुन्हा लावून ठेवलं होतं. ती पुठ्ठ्यासारखी झाली, ओल्या खोक्याला येतो तसा वास. नागपूरच्या मुलीने तिन्ही दोष न सांगता ओळखले. काकांनी लोणी ओळखलं, पण त्यांना तो दोष वाटेना.

ग्लास: ट्यूलिप, बिनवासाच्या साबणाने धुतलेले, भरपूर पाण्याने खंगाळलेले. ओतल्यावर बुडबुडे काचेला चिकटून बसले तर तेलाचा अंश आहे, तो ग्लास बाद. आमच्या घरातले दोन बाद झाले. फोडणीच्या घरात हे होणारच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुख्य चाखणी. सकाळपासून कोणी कॉफी घ्यायची नाही, अत्तर नाही, घरात उदबत्ती नाही. तोंड धुवायला साधा पाव आणि पाणी. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, नंबर टाकलेले, ओतणारा वेगळा. तापमान १० अंश.

पहिला नमुना (उघडल्यावर कळलं, झाँलँ). रंग तांब्याकडे झुकलेला, काचेसारखा स्वच्छ, आरपार बोट दिसतं. फेस मळकट पांढरा, बारीक, दाट; अर्धा ग्लास होईपर्यंत टिकला. वास आधी मॉल्टचा: खरपूस शेकलेली पोळी, त्यामागे हलकी टॉफी, खाली थोडी खारीक. हॉप्सचा जवळजवळ नाहीच. शोधून काढला तर ओल्या गवतासारखा एक धागा. केळं, लवंग असला बेल्जियन थाट कुठेच नाही. काकांनी हे मान हलवून मान्य केलं, जणू सीमेपलीकडच्यांना टोमणाच.

चव. पहिला घोट गोड वाटतो आणि इथेच फसायला होतं. मधे भाजलेपणा येतो आणि गिळल्यावर जीभ कोरडी होते. गोडाचा ओशटपणा राहत नाही. कडवटपणा बेताचा, फक्त तोल सांभाळण्यापुरता. अल्कोहोल साडेसात टक्के आहे हे पहिल्या अर्ध्या ग्लासात कळत नाही. छातीत हलकी ऊब येते तेव्हा कळतं, तोवर उशीर झालेला असतो. अंग मध्यम, गॅस मध्यमपेक्षा किंचित जास्त, कडा कुठेच टोचत नाहीत.

ही गोड सुरुवात आणि कोरडा शेवट मित्राला नीट समजावून सांगायला हवा. अंबर म्हटलं की आपल्याकडचा ब्रुअर रंगासाठी कॅरॅमल मॉल्ट ओततो. त्यातली साखर यीस्टला पूर्ण खाता येत नाही आणि बीअर चिकट राहते. इथे गोडी वासात आणि मॉल्टच्या खमंगपणात आहे, साखरेत फारशी नाही. या प्रकाराचं अंतिम घनत्व १.००८ ते १.०१६ धरतात, सुरुवात १.०६०-१.०८० असताना एवढं खाली येणं म्हणजे यीस्टने ताट चाटूनपुसून ठेवणं. तेव्हा पिल्सनर मॉल्ट पाया, म्युनिक आणि व्हिएन्ना मॉल्ट सढळ, उकळी लांब, रंगाला चिमूटभर गडद मॉल्ट. कॅरॅमल मॉल्टला जपून हात लावायचा. हॉप्स आल्सासचे स्ट्रिसेलश्पाल्ट मिळाले तर उत्तम, नाहीतर तशाच सौम्य जातीचे.

दुसरा नमुना श्ती. त्याच घरातली धाकटी वाटते: अल्कोहोल कमी, अंग हलकं, गोडी थोडी पुढे. तिसरा कोरेफ. फळांचा वास जास्त, कडवटपणा स्पष्ट, भाजलेपणाच्या जोडीला चहासारखी तुरट कड. तीन घोटांत ओळखता येते, आणि प्यायला सगळ्यात सोपी तीच. कामावरच्या दोघांनी तिला पहिला नंबर दिला. गुण दिले ते मात्र झाँलँला जास्त. आवड आणि गुण वेगळे, हे त्यांनी न सांगता पाळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

उरलेल्या बाटलीवर तापमानाची परीक्षा. ४ अंशांवर: थंड, गोडसर, गॅस, बाकी काही नाही. ९-१० वर मॉल्ट उलगडतो. १२ वर खारीक पुढे येते. १५ च्या पुढे अल्कोहोल नाकात शिरतं.

मित्राला निरोप: तुझे नळ २-३ अंशांवर चालतात. तसेच ठेवलेस तर ही बीअर घालूच नकोस, पैसे वाया.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एस्केलबेक. लीलहून डंकर्कच्या बाजूच्या गाडीने, बेल्जियमच्या सीमेला खेटून. गाव लहान, जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. इथे दानिएल तिरिए यांनी १९९६मध्ये जुन्या शेतवाडीत कारखाना टाकला. या भागातल्या नव्या पिढीच्या बीअरची सुरुवात करणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात.

इथली आंब्रे झाँलँपेक्षा वेगळी. यीस्ट बोलकं, किंचित मिरमिरीत आणि फळाळ. हॉप्सची हजेरी जास्त. शेवट आणखी कोरडा. ती चांगलीच आहे, पण मित्राच्या प्रश्नाला हिचा उपयोग असा की यीस्ट बदललं तर ठेवणीचं महत्त्वही बदलतं. बोलक्या यीस्टची बीअर लवकर प्यायली तरी तिच्याकडे सांगायला काहीतरी असतं. झाँलँसारख्या शांत बीअरला लपायला जागाच नाही. तिच्यातला कच्चेपणा थेट जिभेवर येतो.

परतीच्या गाडीला उशीर होता म्हणून एका एस्तामिनेमध्ये (इथल्या जुन्या धाटणीच्या खानावळवजा पबमध्ये) बसलो. लाकडी खेळ, ठेंगणी खुर्ची, ताटात बीअरमध्ये शिजवलेलं गोमांस. बायकोने बटाटे खाल्ले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. साबुदाणा खिचडी आणि कागदपत्रं.

मित्राने आकडे मागितले म्हणून परीक्षकांचा पन्नास गुणांचा तक्ता वापरला होता: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातली जाणीव ५, एकूण ठसा १०. त्याने पाठवलेल्या पत्रकावर प्रकार लिहिलेला 'अमेरिकन अंबर एल'. त्या मापाने झाँलँला सरासरी २८. वासात हॉप्स नाहीत म्हणून गुण कापले, कडवटपणा कमी म्हणून कापले, अल्कोहोल जास्त म्हणून कापले. 'बरी' या गटात बसली.

मग तेच शेरे घेऊन 'बिएर द गार्द' प्रकारच्या निकषांवर प्रत्येकाकडून पुन्हा गुण घेतले. ४०. 'उत्कृष्ट'. बीअर तीच, जिभा त्याच, शेरे तेच. बारा गुणांचा फरक मापाने पाडला. पहिल्या मापाचा कडवटपणा २५ ते ४० एककं, दुसऱ्याचा १८ ते २८. जी गोष्ट या बीअरने ठरवून टाळली, तिच्यासाठी पहिलं पत्रक दंड लावतं.

पुण्यातही हेच होईल. पाटीवर नुसतं 'अंबर एल' लिहिलं तर गिऱ्हाईक हॉप्स शोधणार आणि निराश होणार. पाटीवर ठेवणीची बीअर म्हणून नीट सांगावं लागेल.

८ मार्च, शनिवार

रेडिएटरशेजारची बाटली. पद्धत त्रिकोणी: प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगतोच, म्हणून सहा जणांत किमान पाच बरोबर आले तरच फरक पक्का मानतात.

आले चार. म्हणजे सिद्ध काही नाही. पण ज्या चौघांनी ओळखलं त्यांचे शेरे एकमेकांशी जुळतात: मनुका, शेरी, थोडा मध, फेस लवकर बसला. पुठ्ठा कोणीच लिहिला नाही. नागपूरची मुलगी म्हणाली, "मला हीच जास्त आवडली." काकांचंही तेच मत.

गडद, मॉल्टवाली, जोरकस बीअर उबेत हलक्या लागरपेक्षा चांगली टिकते, हे पुस्तकात वाचलेलं होतं, जिभेवर आज आलं. तरी मित्राने यावरून चुकीचा अर्थ काढू नये. बाटलीत उबेने येणारं म्हातारपण वेगळं आणि टँकमध्ये थंडीत होणारी ठेवण वेगळी. पहिल्यात प्राणवायू काम करतो, दुसऱ्यात यीस्ट.

९ मार्च, रविवार

खाण्याबरोबर. मिमोलेत चीजबरोबर सुरेख. मारवाल चीजबरोबर त्याहून चांगली लागते म्हणे. आमच्या घरात ते चीज फ्रीजबाहेर काढायला परवानगी नाही.

पुण्याचा विचार करून मसाला शेंगदाणे, तिखट चिकन आणि सुकं मटण. मिरचीचा जाळ अल्कोहोल आणि गॅस मिळून वाढवतात, साडेसात टक्क्यांना तर जास्तच. शेंगदाण्यांबरोबर चवच हरवली. काळ्या मसाल्याचं, कांदा-खोबरं भाजून केलेलं मटण बेताच्या तिखटाचं असलं तर मात्र दोघांचा खरपूसपणा जुळतो. मित्राच्या आचाऱ्याला हे सांगणं सोपं नाही. त्याचा 'बेताचा तिखट' मी खाल्लेला आहे.

१५ मार्च, शनिवार

अहवाल पाठवला. मुख्य भाग ठेवणीचा, तो इथे उतरवून ठेवतो.

किण्वन संपतं तेव्हा बीअर पिता येते, पण तिच्यात हिरवेपणा असतो. लोण्याच्या वासाचं डायअसिटिल आणि कच्च्या सफरचंदाच्या वासाचं अ‍ॅसिटाल्डिहाइड यीस्ट हळूहळू परत खाऊन टाकतं. गंधकाचे वास उडून जातात. थंडीत प्रथिनं आणि तुरट द्रव्यं एकमेकांना धरून तळाशी बसतात. यीस्टही बसतं. झाँलँचा आरपार स्वच्छ रंग, न टोचणाऱ्या कडा, साडेसात टक्के असून न जाणवणारं अल्कोहोल: १५ फेब्रुवारीच्या पानावर ज्याला गुण दिले त्यातला मोठा हिस्सा या आठवड्यांचा आहे. गाळून स्वच्छता विकत घेता येईल, गोलाई येणार नाही.

डायअसिटिलचा भाग मात्र लवकर उरकता येतो. किण्वनाच्या शेवटी तापमान दोन-तीन अंशांनी वाढवून काही दिवस ठेवायचं आणि नमुना तपासायचा. थोडी बीअर झाकून ६० अंशांवर वीस मिनिटं गरम करायची, गार करून हुंगायची. लोणी आलं तर टँकला अजून थांबायचं आहे. हे झाल्याशिवाय थंड करू नये. थंडीत यीस्ट झोपतं आणि लोणी तसंच राहतं.

माझी शिफारस: १७-१८ अंशांवर शांत एल यीस्ट, दहा-बारा दिवस किण्वन आणि विश्रांती, मग १-२ अंशांवर सहा आठवडे. चारपेक्षा कमी देणार असशील तर कोरेफच्या वाटेने जा. ५ टक्क्यांची इंग्लिश वळणाची अंबर कर, ती लवकर तयार होते, खपतेही. पण तिला बिएर द गार्द म्हणू नकोस.

रात्री फोन. "सहा आठवडे? तेवढ्यात मी गव्हाच्या तीन खेपा विकतो." वाद अर्धा तास. त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

कॅलेंडर उघडून बसलो होतो आणि लक्षात आलं की इथल्या शेतकऱ्यांनी ठेवण शोधली ती काही चवीसाठी नव्हे. उन्हाळ्यात बीअर करता येत नव्हती, मग आधी करून ठेवली. पुण्यातही वर्षातून एक काळ असा आहे की टँक भरलेला असला काय, रिकामा असला काय.

मित्राला विचारलं, "श्रावणात तुझे किती टँक फिरतात?"

जरा वेळ शांतता. मग, "दोन कमी."

यंदा गटारी २४ जुलैला, श्रावण २५ जुलै ते २३ ऑगस्ट. २७ ऑगस्टला गणपती बसतात, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उकळायची, गटारीपर्यंत किण्वन आणि विश्रांती पूर्ण, त्याच दिवशी टँक १ अंशावर. सगळी मंडळी माळकरी होऊन बसतात तोवर बीअर थंडीत पडून राहील. विसर्जनानंतर नळाला लावायची, म्हणजे सहा आठवडे वर दोन दिवस. तेवढ्या काळात त्या टँकमधून तो गव्हाच्या तीन खेपा विकणार नव्हताच. एखादी विकली असती तर तेवढंच नुकसान.

त्याने विजेचा खर्च काढला. पावसाळ्यात चिलरवरचा ताण मे महिन्यापेक्षा कमी असतो, तेव्हा तेही जमतं. एक नळ ९ अंशांवर चालवायला वेगळी लाइन लागेल, तिचं कोटेशन मागवतो म्हणाला.

बायको पाडव्याला पुण्याला जाते आहे. दारूची करमुक्त मर्यादा २ लिटर, म्हणजे ७५ सेंटीलिटरच्या दोन झाँलँ आणि ३३ची एक श्ती, एकूण १.८३. बाटल्या पोचल्या की थेट फ्रीजमध्ये, उभ्या. एक बाटली सप्टेंबरपर्यंत उघडायची नाही. त्याची पहिली खेप निघेल तेव्हा कागदात गुंडाळून तिच्याशेजारी ओतायची आहे. किल्ली वहिनींकडे ठेवायला सांगितलंय.